मुद्दाम हरलीस का, रेखा?

रेखा, आधी एक विचारून घेते, रडायचं नंतर बघू. गेल्या वर्षीची फायनल तू मुद्दाम हरलीस का?

हार घातलेल्या फोटोला कुणी असं विचारत नाही, कळतं मला. पण तू जिवंत होतीस तेव्हाही विचारलंच होतं. एकदा नाही, वर्षभर. आणि तू दर वेळी "सांगेन गं, सुमे" म्हणून पाण्याचा पाइप उचलायचीस आणि गुलाबांकडे चालू पडायचीस. सांगेन सांगेन म्हणता म्हणता माणूस मरतं का? तू मेलीस. आता मी कुणाच्या मागे लागू?

तुझ्या शोकसभेत बायका उठून बोलल्या, रेखाताई किती मनमोकळ्या होत्या! मी मनात म्हटलं, हो का? मग माझ्यापासून काय लपवत होती तेवढं सांगा की. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलेच नाही. सगळ्यांना वाटलं, सुमनला हुंदका आवरत नाहीये. हुंदका होताच, नाही कशाला म्हणू? पण त्याच्याबरोबर रागही होता.

माझा स्वभाव संशयी, हे तुला शाळेपासून ठाऊक. बोरिवलीच्या शाळेत एका बाकावर बसायचो, माझा खोडरबर हरवला की मी आधी तुझं दप्तर तपासायचे, आणि तूच ते उघडून पुढे करायचीस. लग्न ठरल्यावर माधवला माझी ओळख करून दिलीस ती काय शब्दांत? "ही सुमन. देवळातला पेढासुद्धा हुंगून खाते." होणाऱ्या नवऱ्याला जिवलग मैत्रिणीची अशी ओळख कोण करून देतं? पण खोटं नव्हतं गं. भाजीवाल्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मीटरवर तर अजिबात नाही. चाकातली हवा मोजायचं मीटर पर्समध्ये घेऊन फिरणारी बाई अख्ख्या बोरिवलीत मी एकटीच असेन.

आणि तरी त्या पिकअपच्या बाबतीत तू मला हातोहात फसवलंस.

ती पिकअप घ्यायचं काही कारणच नव्हतं, जर गोराईच्या त्या वाटेवर एवढा चिखल नसता तर. डेनिसच्या वाडीत जागा भाड्याने घेऊन आपण दोघींनी नर्सरी काढली, आणि पहिल्याच पावसाळ्यात लाल मातीच्या गोण्या आणणारा टेम्पो वाडीच्या तोंडाशी रुतून बसला तो बसलाच. डेनिसने त्याची जीप लावून तो ओढून काढला. हसत होता मेला. तेव्हाच तू ठरवलंस, आपल्यालाही चारही चाकांना जोर मिळतो अशी गाडी पाहिजे. मग ती जुनी, निळा रंग उडालेली पिकअप आली. आपण जेट्टीवरून बोटीने पलीकडे जायचं आणि गाडीने भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा घालून यायचं, असं आपलं चालायचं. वळसा घालायची पाळी बहुतेक तुझी. तुला ती गाडी चालवायची नुसती हौस.

आणि मग एका वर्षी भाताची कापणी झाल्यावर तिथल्या जीपवाल्यांच्या ग्रुपने मोकळ्या शेतांत गाडी-ओढ ठेवली. डेनिस त्यात पहिल्यापासून. तू पाहून आलीस आणि दुसऱ्या दिवशी शेवंतीची रोपं पिशव्यांत भरता भरता म्हणालीस, "सुमे, आपण भाग घ्यायचा."

"पन्नाशी उलटली आपली," मी म्हटलं.

"ओढायचंय गाडीने. आपण फक्त बसायचं."

आठवतंय ना? फक्त बसायचं म्हणे!

ओढ म्हणजे काय प्रकार असतो हे मला पहिल्या वर्षी हरल्यावर कळलं. गाडीच्या मागे लोखंडी घसरगाडा जोडतात. पुढे चाकं नाहीत, नुसतं पोट मातीत घासत येतं. त्याच्यावर वजनाची पेटी, आणि गाडी पुढे जाईल तशी ती पेटी साखळीने गाडीकडे सरकत येते. म्हणजे सुरुवातीला वाटतं, हॅ, हे काय! आणि शेवटाला मागे डोंगर बांधल्यासारखं होतं. ज्याची गाडी जास्त लांब जाईल तो जिंकला. आपली पिकअप पहिल्या वर्षी जेमतेम निम्म्यात खाली बसली, मागची बाजू टेकवून, म्हशीने डबक्यात बसावं तशी. लोक टाळ्या वाजवत होते. मला त्या टाळ्यांचाही संशय आला.

पण दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, आपण तयारी केली हां. काय तयारी केली! मागचा भाग दबू नये म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आंब्याच्या लाकडाचे ठोकळे बसवले. ओढायचा हूक नियमात बसेल इतका वर घेतला. पुढच्या चाकांवर वजन पाहिजे म्हणून बाकीच्यांनी लोखंडाच्या प्लेटी लावल्या, आणि आपण? आपण पुढच्या बंपरवर चौकट ठोकून सिमेंटच्या कुंड्या बसवल्या, माती भरून. त्यातल्या एका कुंडीतली जास्वंद तू काढू दिली नाहीस. तपासणीवाला म्हणाला, "काकू, हे काय, वरात आहे का?" तू म्हणालीस, "वजन मोज आणि पुढे जा." चाकांतली हवा मी मोजली, माझ्या मीटरने, आणि मातीला पकड बसावी म्हणून थोडी कमी केली. झकास तयारी होती. हरायचं काही कारणच नव्हतं.

भांडलो फक्त रेंजवरून. गाडीत दोन लिव्हर, एक नेहमीचा गिअरचा आणि एक त्याच्या बाजूला आखूड, लो आणि हाय करायचा. हाय रस्त्यावर पळायला, लो जोर लावायला. मला ते डोक्यात शिरेना तेव्हा तू मला बोरिवली स्टेशनबाहेरच्या रसवाल्याकडे नेलंस आणि चरकाकडे बोट दाखवलंस. "बघ, किती सावकाश फिरतोय, आणि उसाचं काय होतंय बघ. हा लो." रस पाजलास वर. बर्फ कुठल्या पाण्याचा म्हणून मी अर्धाच प्यायले, तो उरलेलाही तूच संपवलास.

लो टाकायचा यावर आपलं एकमत होतं. भांडण होतं कितव्या गिअरचं. लोमध्ये पहिला टाकला तर गाडी रांगत जाते, पेटी पुढे सरकून यायच्या आत वेग धरता येत नाही. आणि मध्येच गिअर बदलायचा म्हणजे क्लच दाबायचा, क्लच दाबला की जोर तुटला, की संपलं. म्हणून निघतानाच ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. तू म्हणायचीस तिसरा, मी म्हणायचे दुसरा. महिनाभर हेच. माधव म्हणाला, तुम्ही दोघी मुलीचं स्थळ बघताय की गाडी चालवताय? शेवटी मातीने भरलेला सिमेंटचा जुना नळा मागे बांधून वाडीत दोन्ही करून पाहिलं, आणि माझा दुसरा गिअर पुढे गेला. तू कबूल केलंस. "लो, दुसरा. बस? आता तरी हसशील?" माझ्या हातावर हात मारून कबूल केलंस, रेखा!

आणि फायनलला तू हाय टाकलास.

मी दोरीच्या बाहेर उभी होते. मला इंजिनचा आवाज ऐकूनच कळलं. गाडी सुटली ती भलत्याच तोऱ्यात, लोक ओरडले, आणि पेटी मध्यावर येते न येते तोच इंजिन दमलं, क्लचचा जळका वास आला आणि आपली पिकअप उभी राहिली. डेनिस आपल्या कितीतरी पुढे गेला. मी धावत आले, खिडकीतून आत वाकून बघितलं, आखूड लिव्हर हायवर. "हे काय केलंस?" तर तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "वाटलं तसं केलं." वाटलं तसं? अगं, महिनाभर आपण काय भजी तळत होतो?

मग मला एकेक आठवायला लागलं. पहिली फेरी तू लोमध्ये छान काढलीस, त्यानंतर फायनलपर्यंत मध्ये वेळ होता, तेव्हा तू डेनिसच्या जीपच्या आडोशाला सावलीत बसली होतीस आणि तो तुझ्यासमोर उकिडवा बसून हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मी सोडा घेऊन आले आणि दोघं एकदम गप्प. आता मला सांग, पावसावर बोलणारी माणसं तिसरं आल्यावर गप्प होतात का? तिथेच माझ्या डोक्यात आलं, पाणी मुरतंय कुठेतरी.

डेनिस आपला जागामालक. वाडीचा करार त्यानंतरच्या उन्हाळ्यात नवा करायचा होता. त्याने काही न कुरकुरता केला. मला तेही खटकलं, हरण्याच्या बदल्यात करार, असं तर नाही? आणि मग कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, गोण्यांमागे ती ढाल सापडली. फायनलची ढाल! डेनिसने जिंकलेली! ती आपल्या नर्सरीत, गोणपाटात गुंडाळून, काय करत होती? मी ती तुझ्यापुढे धरली. तू म्हणालीस, "ठेव ती. सांगेन." आणि पाइप उचललास.

वर्षभर आपण एकत्र काम केलं. रोपं लावली, गिऱ्हाइकं केली, हसलोही. पण मी ती गोष्ट सोडली नाही आणि तू ती सांगितली नाहीस. अधूनमधून तू थकायचीस, छाती चोळायचीस, म्हणायचीस, पित्त उसळलंय. आलेपाक चघळायचीस, सोडा प्यायचीस. मी म्हणायचे, तिखट कमी खा.

मग त्या सकाळी माधवचा फोन आला. मी पोचेपर्यंत तू गेलेली होतीस. डॉक्टर माधवला म्हणाले, हे दुखणं आजचं नाही, वर्षभर तरी हृदय तक्रार करत असणार, काहीच कसं जाणवलं नाही? मी मनात म्हटलं, दवाखानेवाले असंच बोलतात, अंगावर यायला नको म्हणून. त्यांच्यावरही माझा संशय. स्मशानात डेनिस एवढा रडला, की माधवने त्याला धरलं. मी लांबून बघत होते. जागामालक भाडेकरणीसाठी एवढं रडतो का? खाई त्याला खवखवे, असं मनात आलं माझ्या. तिथे, तुझ्या चितेसमोर. काय बाई मी!

तुझे दिवस झाले आणि डेनिस वाडीत आला, टोपी हातात घेऊन. "बाय, या वर्षी गाडीचं नाव देऊ का?" म्हणाला.

"मला हरवायला सोपं म्हणून?" मी विचारलं.

तो पायाने माती उकरत राहिला. मी म्हटलं, दे. तुझ्यासाठी वगैरे नव्हे, रेखा, उगाच फुगू नकोस. मला शोधून काढायचं होतं. लो आणि दुसरा टाकून गाडी शेवटपर्यंत जोर धरते की नाही हे मी स्वतः चालवून बघणार होते. धरला, तर तू मुद्दाम हरलीस हे सिद्ध. मग मला तुझ्यावर मनसोक्त रागावता आलं असतं आणि बहुतेक रडताही आलं असतं.

कारण ओढताना मी त्या गाडीत कधी बसलेच नव्हते. स्टिअरिंगवर कायम तू. मी बाहेर उभी राहून चाकं बघायची आणि ओरडायची.

तर मी तोच सिमेंटचा नळा मागे बांधला. तेच ठोकळे, त्याच कुंड्या, जास्वंद आता कमरेएवढी झालीय. लो टाकला, दुसरा टाकला, क्लच हळू सोडला. गाडी निघाली. झकास निघाली गं, चरकासारखी, एका लयीत. मी म्हटलंसुद्धा मोठ्याने, "बघ रेखे, बघ!" आणि वजन वाढलं तशी खाडकन आवाज झाला, आखूड लिव्हर आपोआप उडून मधे आला, इंजिन बोंबलायला लागलं आणि चाकं थांबली. मला वाटलं, माझंच चुकलं. परत टाकला. परत तेच, जोर आला की खाडकन बाहेर. वाट लागली म्हटलं.

खाली वाकून बघितलं तर लिव्हरच्या दांड्यावर काथ्याचे तंतू चिकटलेले आणि त्याखाली रंग घासून गेलेला. तेव्हा मला ती दोरी आठवली.

आपण नर्सरीवाल्या. आपल्याला काहीही हललं, वाकलं, सुटलं की काथ्याने बांधायची सवय. गुलाब बांधतो, वेल बांधतो, फाटकाची कडी बांधतो, माधवचा चष्मा एकदा तू काथ्याने बांधून दिला होतास. गेल्या वर्षी सरावाच्या दिवसांत तो आखूड लिव्हर सीटच्या पायाला काथ्याने करकचून बांधलेला मी पाहिला होता. विचारलंही होतं, हे काय? तू म्हणालीस, "पिशवी लटकवायला गं." त्या दोरीला कधी पिशवी लटकलेली मी पाहिली नाही. हेही माझ्या लक्षात आलं होतं, बरं का. पण मी म्हटलं, असेल. रेखाचं काथ्याचं वेड.

म्हणजे लिव्हर तेव्हाच जागा सोडत होता, आणि तू मला न सांगता त्याला बांधून टाकलंस, वाकलेल्या रोपाला काठीला बांधतात तसं. मला सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी बंडू मेकॅनिककडे गाडी नेऊन खालचा गिअरबॉक्स उघडायला लावला असता आणि ओढ हुकली असती. माहीत होतं तुला. मला ओळखून होतीस तू.

आणि ओढीच्या दिवशी सकाळी तपासणीवाल्याने सांगितलं, केबिनमध्ये सुटं काही नको. कात्री, गोणपाट, सुतळी, सगळं काढायला लावलं. काथ्याही कापून काढला. मी तिथेच उभी होते. कचरा गेला, बरं झालं म्हटलं.

मग पहिली फेरी तू कशी काढलीस, रेखा?

मी परत लो टाकला आणि या वेळी डाव्या हाताने लिव्हर खाली दाबून धरला. उजव्याने स्टिअरिंग. गाडी निघाली, वजन आलं, लिव्हर हातात धडधडायला लागला, वर यायला बघत होता. मी सगळा जीव लावून दाबला. नळा वाडीच्या कुंपणापर्यंत ओढत आणला. बाहेर आले तर माझा डावा हात खांद्यापासून थरथरत होता आणि बोटं उघडत नव्हती.

डावा हात.

मी तशीच डेनिसच्या घरी गेले. तो ओट्यावर बसून जाळं नीट करत होता. मी त्याला काही विचारलं नाही, माझा हात फक्त त्याच्यासमोर धरला. त्याने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाळं खाली ठेवलं.

"पहिल्या फेरीनंतर ती हात चोळत बसलेली," तो म्हणाला. "चेहरा पांढरा. घामाने भिजलेली. मी बोललो, समोर तंबूत डॉक्टर बसलाय, दाखव. बोलली, आधी फायनल. मी बोललो, मग सुमनला सांगतो. तर बोलली, सुमेला सांगशील तर तुझ्या वाडीत पाय ठेवणार नाही. ती मला तशीच उचलून नेईल आणि फायनल राहील. बोलली, हाताला जोर नाय, लिव्हर धरवत नाय, हायवर टाकते, जाईल तेवढी जाईल."

"आणि ढाल?"

"अर्ध्या जिवाच्या बाईला हरवून ढाल कसली घेऊ, बाय? मी तिला आणून दिली. ती बोलली, सुमेला दिसायला नको." मग तो तोंड फिरवून म्हणाला, "मी गप्प बसायला नको होतं. रोज वाटतं."

मी त्याला शिव्या द्यायला गेले होते. त्याच्या बायकोने चहा आणला, तो प्यायले आणि जेट्टीवर येऊन बोटीची वाट बघत बसले. तिथे मात्र मी रडले. भसाभसा, नाक पुसायला पदर पुरेना. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. मी अख्ख्या जगावर संशय घेतला, भाजीवाल्यावर, बर्फावर, डेनिसवर, डॉक्टरवर, आणि विश्वास ठेवला तो नेमका तुझ्या पित्तावर!

आणि अगं बये, मला तर ठाऊकच होतं तू काहीतरी लपवतेस म्हणून! वर्षभर घोकत होते. बरोबरच होते मी. लपवत होतीसच. एका ढालीसाठी, एका फायनलसाठी! असं कोण करतं? त्या तंबूत दोन मिनिटं जाऊन आली असतीस तर आज मी फोटोशी भांडत बसले नसते. माझा राग अजून गेलेला नाही हां. पण तू मला विकलं नव्हतंस. एवढं कळलं आणि मला कित्येक दिवसांनी नीट झोप लागली. त्याबद्दल तुझे उपकार मानू की तुला एक ठेवून देऊ, सांग.

बंडू म्हणाला, आतले दाते झिजलेत, बॉक्स उतरवावा लागेल, रविवारच्या ओढीपर्यंत होणार नाही. मी म्हटलं, नंतर उतरव. मी हाताने धरणार.

या वर्षी गाड्या कमी, म्हणून थेट फायनल. रविवारी मी लो टाकला, दुसरा टाकला आणि लिव्हरवर डावा हात ठेवून बसले. झेंडा पडला. तुला सांगते, बाहेरून बघण्यात आणि आत बसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समोर तुझी जास्वंद नाचत होती, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. पेटी पुढे आली, लिव्हर उसळायला लागला, मी दात आवळले आणि दाबून धरला. खांद्यातून कळ निघाली. मी म्हटलं, हाच धरवेना म्हणून तू हाय टाकलास ना, रेखे? हाच? मी नाही सोडणार. गाडी गेल्या वर्षीच्या आपल्या खुणेच्या पुढे गेली. बरीच पुढे. डेनिसच्या गेल्या वर्षीच्या खुणेच्याही पुढे जाऊन मग थांबली. लोक ओरडत होते. या वेळी मला टाळ्यांचा संशय आला नाही.

मी खाली उतरले आणि हात चोळायला लागले. बस, तेवढंच केलं मी.

डेनिस जीप घेऊन पुढच्या नंबरला रांगेत उभा होता, छातीवर नंबराचा कागद लावलेला. त्याने मला हात चोळताना पाहिलं. दुसऱ्या क्षणी तो माझ्यासमोर होता. "चल."

"कुठे?"

"चल बोललो ना."

"अरे काही नाही, लिव्हर धरून..."

"तीपण हेच बोलली होती." आणि दंड धरून त्याने मला कुणाच्या तरी गाडीत अक्षरशः कोंबलं. मागे लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारत होते. एकदा, परत एकदा, मग बाद म्हणून सांगितलं. त्याने वळूनही पाहिलं नाही.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि म्हणाले, काही नाही, स्नायू ताणलाय, मलम चोळा. मी म्हटलं, नीट बघा. परत काढा. डॉक्टर हसले. माझा चेहरा बघून हसायचे थांबले आणि त्यांनी परत काढला. तोही नीट आला. एक कागद, रेखा. छातीला चार-दोन वायरी चिकटवतात आणि एक कागद निघतो. इतकंच करायचं होतं गं.

बाहेर बाकावर डेनिस बसला होता, छातीवरचा नंबर अजून तसाच. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटून क्रूसाची खूण केली. त्याच्या फोनवर कुणीतरी कळवलं होतं, ढाल आपल्या पिकअपला. मी त्याच्या शेजारी बसले. माझा स्वभाव तुला माहीत आहे, विचारल्याशिवाय मला राहवलं नाही.

"मुद्दाम हरलास ना?"

"हो बाय," तो म्हणाला.

बघ. असं सांगता येतं, रेखा.